ताळा जुळतो का? संशोधन पुन्हा करून पाहता यावे म्हणून ग्रंथपालाने काय करावे, पायरीपायरीने

"मॅडम, सगळं यात आहे," असं म्हणून संशोधिका पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवते. शोधनिबंध स्वीकारला गेलाय, नियतकालिकाने डेटा आणि कोड मागितलाय, मुदत परवाची. फोल्डर उघडावा तर आत तीन 'फायनल', एक 'फायनल नवीन', एक 'हीच वापरा', आणि 'टेस्ट' नावाच्या फोल्डरात पुन्हा हेच सगळे. यातली आधी कुठली फाइल चालवायची, असे विचारले की जरा वेळ शांतता. मग उत्तर येते, "ते माझ्या सहकाऱ्याने केलं होतं. तो आता दुसरीकडे असतो."

संशोधकांना सेवा देणाऱ्या बहुतेक ग्रंथालयांत हा प्रसंग कधी ना कधी घडतोच. ती मुदत येण्याच्या वर्षभर आधी काय करता येईल, आणि तरीही शेवटी पेन ड्राइव्ह आलाच तर त्याचे काय करायचे, ते इथे सांगते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

'रिप्रोड्युसिबल'ला मराठीत 'पुनरुत्पादनक्षम' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण ऐकणाऱ्याला जीवशास्त्राचा तास आठवतो. मला शाळेतला 'ताळा' जवळचा वाटतो. तोच डेटा, तोच कोड, तीच पद्धत घेऊन दुसऱ्या कोणी गणित केले तर तेच उत्तर यायला हवे, एवढेच या शब्दात अभिप्रेत आहे. नवा डेटा गोळा करून, नवा प्रयोग मांडून तोच निष्कर्ष निघतो का हे पाहणे वेगळे. त्याला रेप्लिकेशन म्हणतात. अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमीजनी २०१९ च्या अहवालात हाच फरक धरला आहे. संगणकशास्त्रातल्या एसीएम या संस्थेच्या व्याख्या मात्र याच्या नेमक्या उलट्या होत्या, त्या २०२० मध्ये बदलल्या. म्हणून संशोधकाने यातला कुठलाही शब्द उच्चारला की मी आधी विचारते, "म्हणजे नवा डेटा की जुनाच?" पुढचा अर्ध्या तासाचा वाद वाचतो.

रेप्लिकेशन ग्रंथपालाच्या हातात नाही. ताळा आहे, आणि त्याची गरजही भरपूर आहे. 'नेचर'ने २०१६ मध्ये १,५७६ संशोधकांना विचारले तेव्हा ७० टक्क्यांहून अधिकांनी सांगितले की दुसऱ्याचा प्रयोग करून पाहिला आणि जमला नाही. निम्म्याहून अधिकांना तर स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमला नव्हता. 'पण मला प्रोग्रामिंग येत नाही' ही यावर ग्रंथपालाची नेहमीची सबब. थोडे आले तर चांगलेच, पण या कामात ग्रंथपालाची खरी किंमत वेगळीच आहे: तो त्रयस्थ आहे. त्या डेटाबद्दल त्याला काहीही माहीत नाही. तो जिथे अडेल तिथे दहा वर्षांनी येणारा वाचकही अडणार.

पायरी पहिली: आपल्या अंगणातून सुरुवात, म्हणजे साहित्यशोध

कोड वगैरे पुढे येईलच. आधी जे काम आपण रोज करतो ते तपासा. पद्धतशीर आढाव्यासाठी (एका प्रश्नावरचे सगळे प्रकाशित संशोधन ठरवून गोळा करणाऱ्या निबंधासाठी) शोध घेऊन दिला आणि निबंधात छापून आले, "पबमेडमध्ये अमुक आणि तमुक या शब्दांनी शोध घेतला." या एका वाक्यावरून तो शोध पुन्हा कोणीही करू शकणार नाही. २०२१ मध्ये आलेली प्रिझ्मा-एस ही १६ मुद्द्यांची यादी नेमकी याचसाठी आहे. ती छापून टेबलाजवळ लावा. त्यातले माझ्या मते सर्वांत जास्त चुकणारे मुद्दे असे.

डेटाबेससोबत प्लॅटफॉर्मही लिहायचा. मेडलाइन हा वैद्यकीय निबंधांचा डेटाबेस ओव्हिड या प्लॅटफॉर्मवर शोधला की पबमेड या मोफत प्लॅटफॉर्मवर, यावर वाक्यरचनाही बदलते आणि निकालही. शोधसूत्र जसेच्या तसे, कंस आणि अवतरणचिन्हांसकट कॉपी करायचे, पुन्हा टाइप करायचे नाही. टाइप करताना एक कंस हरवला की अर्थच पालटतो. तारीख, प्रत्येक ओळीला आलेली संख्या, लावलेल्या मर्यादा, आणि दुबार नोंदी कशा काढल्या हेही हवे.

पबमेडची एक खोड माहीत असायला हवी. आपण साधे शब्द टाकले की ते आतल्या आत त्यांचा विस्तार करते, विषयशीर्षके आणि पर्यायी शब्द जोडते. त्यामुळे आपण टाकलेले सूत्र आणि प्रत्यक्षात चाललेले सूत्र या दोन वेगळ्या गोष्टी होतात. अॅडव्हान्स्ड पानावरच्या इतिहासात 'डिटेल्स' उघडले की खरे सूत्र दिसते. तेही जपून ठेवा. विषयशीर्षके दरवर्षी सुधारली जातात, म्हणून तारखेशिवाय हे सूत्र लंगडेच. गूगल स्कॉलरचा शोध मात्र कितीही नीट लिहिला तरी तंतोतंत परत मिळत नाही, आणि एका शोधाचे पहिले हजारच निकाल ते दाखवते. ते वापरले असेल तर आलेल्या निकालांची यादीच उतरवून ठेवावी.

ही सगळी सूत्रे एका साध्या मजकूर फाइलमध्ये घालून निबंधाच्या डेटासोबत जमा करायला लावा. ताळ्याचे हे पहिले काम झाले आणि त्यासाठी कोडची एक ओळही लागली नाही.

पायरी दुसरी: प्रकल्प सुरू होतानाच गाठा

निबंध स्वीकारल्यावर आलेला संशोधक घाईत असतो. प्रस्ताव लिहिताना आलेला ऐकून घेतो. वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संस्थेने २५ जानेवारी २०२३ पासून अनुदानाच्या अर्जासोबत डेटा व्यवस्थापन आणि सामायिकीकरणाचा आराखडा सक्तीचा केला. असे नियम करणाऱ्या अनुदानसंस्था आणखीही आहेत. हा आराखडा बहुतेक जण आधीच्या कोणाचा तरी उतरवून काढतात. तुम्ही त्याच्या निमित्ताने वीस मिनिटे मागून घ्या आणि चार प्रश्न विचारा. कच्चा डेटा कुठून आणि कुठल्या स्वरूपात येणार? त्याला कोण कोण हात लावणार? निकाल कुठल्या सॉफ्टवेअरमधून निघणार? तुम्ही उद्या प्रकल्प सोडलात तर हे कोणाला चालवता येईल?

चौथ्या प्रश्नावर सहसा हसू येते. हसू ओसरल्यावर जे सांगितले जाते ते लिहून घ्या.

उशीर किती महागात पडतो, याचा एक नीट मोजलेला आकडा आहे. जीवशास्त्रातल्या ५१६ निबंधांचा डेटा मागून पाहणारा अभ्यास २०१४ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त आला. निबंध जितका जुना तितके डेटा शिल्लक असण्याचे पारडे हलके, दर वर्षी १७ टक्क्यांनी. ईमेल पत्ते बंद पडलेले, डेटा असलाच तर आता कुठल्याच यंत्रात न जाणाऱ्या डिस्कवर.

पायरी तिसरी: फोल्डर लावून द्या

इथे आपला हात धरणारा कोणी नाही. वर्गीकरण हा आपला पिढीजात धंदा. रचना साधी ठेवा. कच्च्या डेटाचा एक फोल्डर, आणि तो फक्त वाचण्यापुरता. त्यात कोणी काही बदलायचे नाही. प्रक्रिया केलेल्या डेटाचा दुसरा, कोडचा तिसरा, निकालांचा चौथा. कोडच्या फाइलींना चालवायच्या क्रमाने ०१, ०२, ०३ असे आकडे. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. नावात मोकळ्या जागा नकोत, आणि 'फायनल' हा शब्द तर नकोच नको.

वर एक रीडमी फाइल. तिच्यात हे काय आहे, कोणी केले, कुठल्या क्रमाने चालवायचे, साधारण किती वेळ लागतो, आणि निबंधातला कुठला तक्ता कुठल्या फाइलमधून येतो, एवढे हवे. शेवटचा मुद्दा बहुतेक रीडमीत नसतो आणि सर्वांत जास्त उपयोगी तोच ठरतो. सोबत स्तंभांची ओळख देणारा कोश: प्रत्येक स्तंभाचे नाव, अर्थ, एकक, आणि रिकामी जागा कशी दाखवली आहे. एका डेटात मला वयाच्या रकान्यात ९९९ सापडले होते. 'माहिती नाही' असे त्याला म्हणायचे होते. सरासरी काढणाऱ्या कोडला हे कोणी सांगितले नव्हते.

एक्सेलबद्दल दोन शब्द, कारण कुठल्याही विषयाचा संशोधक एकदा तरी त्यातून जातो. 'सेप्ट२' किंवा 'मार्च१' अशा नावांची जनुके त्यात टाकली की ती गुपचूप तारखा होत. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचवा हिस्सा या चुकीने बाधित असल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली.

अर्थशास्त्रातले उदाहरण त्याहून प्रसिद्ध आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने दोन सहकाऱ्यांसह हिशेब पुन्हा केला, तर ती अधिक २.२ टक्के आली. सूत्राची व्याप्ती पाच ओळी आधीच थांबल्याने पाच देश सरासरीतून गळाले होते. शिवाय काही वर्षे वगळलेली होती आणि देशांना दिलेल्या भाराबद्दलही वाद होता. संशोधकांना हे सांगताना मी चुकीपेक्षा दुसऱ्या गोष्टीवर भर देते: लेखकांनी आपली एक्सेल फाइल विद्यार्थ्याला दिली, म्हणूनच हे सापडले. छापील तक्त्यावरून कोणाच्या बापालाही कळले नसते.

पायरी चौथी: कोडभोवतीचे जग टिपून ठेवा

कोड तोच, डेटा तोच, तरी उत्तर वेगळे, असे होते का? होते. आकडेमोडीसाठी वापरली जाणारी आर ही संगणकभाषा घ्या. यादृच्छिक नमुना दर वेळी तोच निघावा म्हणून संशोधक सुरुवातीला एक 'सीड' आकडा ठरवून देतात. मात्र एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत नमुना काढण्याची मूळ रीतच बदलली. त्याच सीडने जुन्या आवृत्तीत एक नमुना येतो, नवीत दुसरा. जुनी रीत मागून वापरता येते, पण त्यासाठी मुळात आवृत्ती कुठली होती हे माहीत पाहिजे. रीडमीतली 'आर ३.५.१' एवढी एक नोंद दोन दिवसांची डोकेफोड वाचवते.

दुसरा किस्सा रसायनशास्त्रातला. वर्णपटाचा हिशेब करणाऱ्या, पायथन या संगणकभाषेतल्या काही स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) बरीच वर्षे वापरात होत्या. त्या फोल्डरातल्या फाइली एका विशिष्ट क्रमाने येतील असे गृहीत धरत. पायथन तसा क्रम देण्याची हमीच देत नाही; तो ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून राहतो. त्यामुळे एकाच डेटावर वेगवेगळ्या संगणकांत वेगवेगळी उत्तरे येत होती. २०१९ मध्ये 'ऑरगॅनिक लेटर्स'मधल्या एका निबंधात हे उघड झाले. उपाय काय, तर फाइलींची यादी आधी क्रमाने लावून घेणे. एका ओळीचे काम.

ग्रंथपालाने इथे मागायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती आणि सगळ्या पॅकेजच्या (भाषेला जोडलेल्या तयार कोडसंचांच्या) आवृत्त्या एका फाइलमध्ये; आरमध्ये 'सेशन इन्फो' ही एक आज्ञा ते करून देते, पायथनमध्ये 'पिप फ्रीझ' फक्त पॅकेजच्या आवृत्त्या देते, बाकीचे दोन स्वतः लिहायचे. बदलांची नोंद गिटमध्ये, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल टिपून ठेवणाऱ्या साधनात. सीड लिहिलेला. ज्यांना जमेल त्यांनी डॉकर या साधनात अख्खे वातावरण (कोडला लागणारे सगळे सॉफ्टवेअर) बांधून ठेवावे, पण पहिल्याच भेटीत डॉकरचे नाव काढले की संशोधक पुन्हा फिरकत नाही, हा माझा अनुभव. आधी आवृत्त्यांची यादी तरी येऊ द्या.

कोड आणि त्याचे निकाल एकाच पानावर दाखवणाऱ्या ज्युपिटर नोटबुकवर जास्त भरवसा ठेवू नका. त्यातले कप्पे वरखाली कसेही चालवता येतात आणि पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरच्या नोटबुकांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये झाला. चालवून पाहिलेल्यांपैकी २४ टक्केच विनातक्रार चालली, आणि जतन केलेले निकाल पुन्हा आले ते केवळ ४ टक्क्यांत. जमा करण्याआधी 'रीस्टार्ट अँड रन ऑल' करून घ्या.

पायरी पाचवी: त्रयस्थाची चाचणी

बाकीच्या पायऱ्या वेळेअभावी गाळाव्या लागल्या तर गाळा, ही मात्र करा. पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या संशोधिकेलाही हीच कामी येते.

दुसरा संगणक घ्या, किंवा निदान नवे युजर खाते. संशोधकाचा लॅपटॉप चालणार नाही. तिथे सगळे चालतेच. फोल्डर डाउनलोड करा, रीडमी उघडा, घड्याळ लावा. संशोधकाला शेजारी बसवायचे असेल तर बसवा, पण बोलायचे नाही असे आधीच कबूल करून घ्या. रीडमीत लिहिले आहे तेवढेच करायचे. अडलात की वेळ, तुम्ही काय केले आणि पडद्यावर आलेला संदेश शब्दशः टिपायचा. मगच विचारायचे. मिळालेले उत्तर रीडमीत घालायचे आणि पुढे जायचे.

पहिला अडथळा नव्वद टक्के वेळा कुठे येतो, हे सांगायला ज्योतिषी नको: कोड संशोधकाच्या स्वतःच्या संगणकावरचा पत्ता शोधत असतो, सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग त्याचे नाव, मग डेस्कटॉप. तो सापेक्ष पत्ता (प्रकल्पाच्या फोल्डरापासून सुरू होणारा) करून घ्यायचा. दुसरा अडथळा न सापडणाऱ्या पॅकेजचा. तिसरा रीडमीत उल्लेख आहे पण फोल्डरात नाही अशा फाइलीचा. हार्वर्ड डेटाव्हर्स या डेटाभांडारातल्या ९,००० हून अधिक आर फाइली चालवून पाहणारा अभ्यास २०२२ मध्ये 'सायंटिफिक डेटा'त आला. पहिल्या फटक्यात ७४ टक्के फाइली चुकीचा संदेश देऊन थांबल्या. पत्ते आणि पॅकेज यांसारख्या गोष्टी यांत्रिकपणे दुरुस्त केल्यावर हे प्रमाण ५६ वर आले. म्हणजे थांबणाऱ्या फाइलींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा विषयाचे काहीही ज्ञान नसताना सुटला.

कोड शेवटपर्यंत चालला की खरे काम सुरू होते. निबंध एका बाजूला, निकाल दुसऱ्या बाजूला, आणि तक्त्याचा एकेक कप्पा बोटाने. 'साधारण तसेच दिसते' हे उत्तर नव्हे. मजकुरात विखुरलेले आकडेही पाहा, कारण ते हाताने टाइप केलेले असतात. एकदा निबंधात सहभागी ४१२ होते आणि कोड ४०९ म्हणत होता. चूक कोडमध्ये नव्हती. वय कोरे असलेल्या ओळी तो गाळत होता, जसे रीडमीत लिहिले होते. तीन जणांची वये संशोधकाने नंतर कागदी अर्जांवरून स्वतःच्या प्रतीत भरली होती, आणि जमा करायला आणलेली प्रत त्याआधीची होती. कोणी लबाडी केली नव्हती. तरी प्रकाशित निबंधाला तीन माणसे कमी पडली असती.

शेवटी एक पानभर टिपण द्या: तारीख, संगणक, आवृत्त्या, लागलेला वेळ, अडथळे आणि निष्कर्ष. निष्कर्ष तीनच प्रकारचे ठेवते: चालले आणि जुळले; चालले पण अमुक ठिकाणी जुळले नाही; चालले नाही. 'चूक' हा शब्द टिपणात टाळते, 'थांबा' लिहिते. निष्कर्ष बरोबर आहे की नाही, पद्धत योग्य की अयोग्य, यावर आपण मत देत नाही. तो समीक्षकांचा प्रांत.

हे काम ग्रंथालयाचे आहे का, असे वरिष्ठांनी विचारले तर सांगायला दाखले आहेत. 'अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स'ने २०१५ पासून स्वीकारलेल्या निबंधांचे निकाल नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या ओडम इन्स्टिट्यूटच्या डेटा अर्काइव्हकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. कॉर्नेल विद्यापीठात संशोधकांसाठी निबंध पाठवण्याआधीच ही तपासणी करून देणारी सेवा उभी राहिली.

पायरी सहावी: जमा करणे

इथे आपल्याला फारसे शिकवावे लागत नाही, म्हणून थोडक्यात. विषयाचे स्वतंत्र डेटाभांडार असेल तर तिथे. कुठले ते री३डेटा या सूचीत सापडते. नसेल तर संस्थेचे भांडार किंवा सर्न या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेले, सर्व विषयांसाठीचे झेनोडो. झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक. निबंधात नेमक्या आवृत्तीचा द्यायचा. हे दर वेळी सांगावे लागते.

गिटहबचा दुवा म्हणजे जतन नव्हे. गूगल कोड ही तशीच सेवा २०१६ मध्ये बंद झाली तेव्हा अनेकांना हे कळले. कोडची एक प्रत डीओआयसह भांडारात ठेवा आणि कोडचे जतन करणाऱ्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाला तो प्रकल्प साठवून घ्यायला सांगा.

परवान्याशिवाय ठेवलेला कोड कोणी कायद्याने वापरूच शकत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. कोडला एमआयटीसारखा सॉफ्टवेअरचा परवाना, डेटाला क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा सीसी शून्य (अट नाही) किंवा सीसी बाय (श्रेय देऊन वापरा). कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स लावू नका. ती संस्था स्वतःच तसे सांगते. एक्सेल फाइलींसोबत सीएसव्ही (साध्या मजकुरातली) प्रत आणि सगळ्या फाइलींचे चेकसम (फाइल बदलली तर कळावे म्हणून काढलेले आकडे) ठेवले की झाले.

डेटा उघडा करता येत नसेल तर

रुग्णांच्या नोंदी, मुलाखती, कंपनीकडून करारावर घेतलेला डेटा. 'आमचं तर गोपनीय आहे' म्हणून लोक सगळ्यावरच कुलूप घालतात. डेटा बंद ठेवूनही नोंद, स्तंभांचा कोश, कोड आणि 'डेटा कोणाकडे, कुठल्या अटींवर मागायचा' हे खुले ठेवता येते. सोबत त्याच रचनेचा दहावीस ओळींचा खोटा डेटा दिला तर कोड निदान चालवून पाहता येतो. तो खोटा आहे हे फाइलच्या नावातच लिहा. नावे पुसली की ओळख पुसली असे मात्र समजू नका: गाव, वय आणि व्यवसाय एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

सुरुवात किती मोठी करावी

लहान. धोरण, समिती, माहितीपत्रक यांच्या नादी लागलात तर वर्ष जाईल. ओळखीचा एक संशोधक, छापून आलेला त्याचा एक निबंध, एक दुपार. स्वतःला कोड वाचता यावा एवढ्यापुरते शिकायचे असेल तर लायब्ररी कार्पेंट्रीचे धडे मोफत आहेत आणि ग्रंथालयातल्या माणसांसाठीच लिहिलेले आहेत. तेवढ्यावर चाचणी घेता येते.

आणि ज्या फोल्डरवर 'चालले आणि जुळले' असे टिपण दिले त्याची तारीख वहीत लिहून ठेवा. वर्षभराने, पॅकेजच्या आवृत्त्या बदललेल्या असताना, तो पुन्हा उतरवून चालवा. माझा पहिला 'जुळले' फोल्डर दुसऱ्या वर्षी अकराव्या ओळीवर थांबला. आवृत्त्यांच्या फाइलमध्ये एका पॅकेजचे नाव होते, आकडा नव्हता. तो आकडा आता तिथे आहे.